चूक कोणाची? तीन आकड्यांचा इतिहास

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीटीपीचं जे पहिलं टिपण लिहिलं, त्यातला व्यवहार अगदी आटोपशीर होता. ब्राउझरने ‘गेट’ म्हणून पानाचा पत्ता सांगायचा, सर्व्हरने पान पाठवायचं आणि जोडणी तोडायची. मागितलेलं पान नसेल, तर तसं लिहिलेलं दुसरं पान धाडायचं. माणसाला ते वाचून कळे. यंत्राला मात्र खरं पान कुठलं आणि नकाराचं कुठलं, हे ओळखायची सोय नव्हती. टिपणात तसं स्पष्ट म्हटलंही होतं.

मी पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचं काम करते. माझ्या ऑनकॉलच्या आठवड्यात अपरात्री अलार्म वाजला, की लॉगमधला तीन आकडी कोड बघते. त्यातही पहिला आकडा. चार असेल तर बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबता येतं. पाच असेल तर लॅपटॉप उघडावाच लागतो. माझी झोप ज्या आकड्यावर ठरते, त्याची वंशावळ वेबच्या जन्मामागे जाते.

एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत शिकणाऱ्या अभय भूषण यांनी अर्पानेटवर फाइली पाठवण्यासाठी एफटीपीचा पहिला मसुदा मांडला. भूषण मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. पुढच्याच वर्षी एफटीपीच्या उत्तरांना तीन आकडी क्रमांक मिळाले, आणि १९७४ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ६४० या दस्तऐवजाने त्यांची नीट घडी बसवली. दोनने सुरू होणारं उत्तर म्हणजे काम झालं. तीन म्हणजे इथवर ठीक, पुढचं सांगा. चार म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर या. पाच म्हणजे नाही. हेच पुन्हा मागू नका. मधल्या आकड्यालाही अर्थ होता. पाच असेल तर गोष्ट फाइलींची, दोन असेल तर जोडणीची.

१९८२ मध्ये ईमेलच्या एसएमटीपीने हीच पद्धत उचलली, आणि ती आजही चालू आहे. समोरच्याने चारचं उत्तर दिलं, की मेल सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि चार-पाच दिवस पुन्हापुन्हा दार ठोठावतो. पाचचं उत्तर आलं, की पत्र पाठवणाऱ्याकडे परत.

१९९२ च्या एचटीटीपीच्या मसुद्यात हे तीन आकडे आले खरे, पण चार आणि पाच यांमधला भेद मुळातून बदलला. जुन्या पद्धतीत विचारणाऱ्याला कळायचं, की पुन्हा यायचं की नाही. नव्या पद्धतीत कळू लागलं, की चूक कोणाची. चार म्हणजे मागणाऱ्याची, पाच म्हणजे सर्व्हरची. वेबवर कोणीही कोणाच्याही पानाला न विचारता दुवा देतो. कोणी पत्ता चुकीचा लिहिला म्हणून सर्व्हरवाल्याने रात्री उठावं का? या वाटणीचं शहाणपण मला तिथे दिसतं.

पण ठपका ठेवायचा म्हटला, की अन्यायही आलाच. साइटवाल्याने स्वतःच पान उडवलं, तरी वाचकाला ४०४ मिळतो. म्हणजे कागदोपत्री चूक वाचकाची. शिवाय पान कायमचं गेलं की परत येणार, हे ४०४ सांगत नाही. जुना प्रश्न असा मागच्या दाराने परत आला, आणि १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये त्यासाठी ४१० द्यावा लागला. ‘होतं, गेलं, आता शोधू नका.’

४०४ हा आकडा सर्नमधल्या त्याच क्रमांकाच्या खोलीवरून आला, ही कथा पुष्कळांनी ऐकली असेल. बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनी ती साफ फेटाळली आहे. एचटीटीपीत शेवटच्या दोन आकड्यांना वर्गवारीचा अर्थच उरला नाही. शेजारचा ४०२ पैसे मागण्यासाठी राखून ठेवला होता. २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही तो ‘भविष्यासाठी राखीव’ असाच आहे.

सगळा भार पहिल्या आकड्यावर आला, म्हणून ही रचना टिकली. ब्राउझरला अनोळखी कोड भेटला, तर त्याने त्याला त्या घराण्याचा थोरला समजावं, असा नियम आहे. २०१२ मध्ये ‘फार वेळा मागताय’ सांगणारा ४२९ आला, तेव्हा जुन्या ब्राउझरांनी त्याला ४०० मानलं आणि काम चालू राहिलं.

हे सगळं चालतं ते सर्व्हर खरं बोलतो या भरवशावर. हल्ली वरती २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, आणि आतल्या मजकुरात ‘एरर’ असं उत्तर देणाऱ्या सेवा सर्रास दिसतात. अशीच एक सेवा माझ्याकडे होती. रात्रभर एकही व्यवहार पूर्ण होत नव्हता आणि अलार्म गप्प होता, कारण लॉगमध्ये ओळीने २०० होते.

वाटणीतली खरी फट मात्र ४५१ ने उघडी पाडली. टिम ब्रे यांनी २०१२ मध्ये सुचवलेला हा कोड २०१६ मध्ये आरएफसी ७७२५ म्हणून प्रसिद्ध झाला. आकडा रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या पुस्तके जाळणाऱ्या राजवटीच्या कादंबरीवरून घेतला आहे. कायद्याच्या मागणीमुळे पान दाखवता येत नाही, एवढं तो सांगतो. इथे वाचकाने पत्ता बरोबर लिहिलेला असतो, सर्व्हरही धडधाकट असतो. पान अडवण्याची अंमलबजावणी कोण करतंय, हे सांगायची सोय त्या दस्तऐवजाने कोडसोबत ठेवली आहे. हुकूम देणारा मात्र निराळा असू शकतो. मागणारा आणि देणारा यांच्यात वाटलेल्या या हिशेबात तिसऱ्यासाठी आकडा ठेवलेलाच नव्हता. म्हणून ४५१ही चारच्या घरात गेला, आणि हुकूम कोणाचाही असो, चूक वाचकाच्या खात्यावर पडते.