साथीची पेटी आणि मिडी

साथीसाठी कोणते स्वरवाद्य निवडावे, हा प्रश्न खानापूर-बेळगाव परिसराला नवा नाही. खानापुरातील एखादे भजनी मंडळ किंवा नाट्यपदांचा कार्यक्रम करणारा संच आज ‘मिडी मास्टर कीबोर्ड’ घेण्याचा विचार करू लागला, तर त्याच्या पाठीशी शतकाहून अधिक काळाच्या अशाच निवडींचा इतिहास उभा असतो.

पॅरिसमध्ये दबाँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायांनी भाता मारून वाजवावयाचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पुढे हातभात्याची पेटी घडविली आणि ती मांडी घालून बसणाऱ्या वादकापुढे आली. मात्र या सोयीसाठी एक हात भात्याला द्यावा लागला. १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांनी रुजविलेल्या संगीत नाटकाने पुढे पायभात्याचा ऑर्गन जवळ केला. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे यांची ऑर्गनची साथ गाजली. दोन्ही हात मोकळे झाले, स्वराला भरीवपणा आला. पण वजनही वाढले. नाटक मंडळीच्या सामानात ते खपून गेले, गावोगावच्या भजनात पेटीच राहिली.

१९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. तिचे स्वर ठरीव, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, असा आक्षेप होता. बंदी शिथिल होण्यास सुमारे तीन दशके लागली. आक्षेप खोटा नव्हता. तथापि बेळगावच्या रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारख्या वादकांनी साथीत आणि स्वतंत्र वादनातही पेटीची प्रतिष्ठा राखली, शिष्य घडविले. वाद्याची उणीव वादकाच्या बोटांनी झाकली.

१९८३ मध्ये ‘मिडी’ ही संकेतपद्धती आली. मास्टर कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली व किती जोराने, एवढाच निरोप तो संगणकाला किंवा ध्वनियंत्राला पाठवितो. जोराच्या पायऱ्या शून्य ते १२७. येथेच पेटीवादकाची खरी अडचण सुरू होते. पेटीत पट्टी दाबल्यानंतरही भात्याने स्वर फुगविता वा मावळविता येतो. मिडीत आघाताच्या क्षणीच जोर ठरतो. म्हणून साथीसाठी कीबोर्ड घेताना पायाने आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलची सोय आहे ना, हे आधी पाहावे. तोच नव्या वाद्याचा भाता होय.

पियानोसारख्या जड पट्ट्या द्रुत तानांना आडव्या येतात. हलक्या पट्ट्या पेटीच्या हाताला मानवतात. ८८ पट्ट्यांची चैन अनावश्यक. ४९ किंवा ६१ पुरेशा ठरतात. गायकाची काळी एक असो वा पांढरी चार, बटणाने सूर बदलतो. स्वर वाकविणारे चाक मींडेचा आभास देते, आणि ध्वनियंत्रात सोय असल्यास स्वरांची जुळणीही बदलता येते. १९४० च्या आक्षेपाला काही अंशी मिळालेले हे उत्तर आहे.

परंतु हे सारे विजेवर अवलंबून. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. दिवे गेले की कीबोर्ड मुका होतो. पेटी मात्र अंधारातही गात राहते. दमटपणाने तिचेही सूर बिघडतात, पण ते कानाला आधी कळते आणि दुरुस्त करणारे हातही सापडतात.

तेव्हा मास्टर कीबोर्ड अवश्य घ्यावा. परंतु पेटी विकून घेऊ नये. नव्या वाद्याने जुन्याला हाकलले नाही, हीच या इतिहासाची शिकवण आहे. ऑर्गन आला तेव्हा पेटी टिकली, कारण तिची जागा वेगळी होती. ती जागा आजही रिकामी झालेली नाही. आणि पेटीवर भाता सांभाळायला शिकलेल्या वादकालाच पेडलवर पाय कधी व किती दाबावा हे अधिक नेमके कळेल.