पहिली नटी, पण त्याच्याही आधी

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक बघताना मला कमलाबाई गोखले आठवतात. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, फाळक्यांना बाई मिळालीच नाही. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र कमलाबाई मोहिनी आणि त्यांची आई दुर्गाबाई पार्वती! आपण त्यांना ‘सिनेमातली पहिली नटी’ म्हणून क्विझमध्ये उरकून टाकतो. पण त्या लहानपणापासून नाटकात होत्या, सिनेमानंतरही नाटकातच राहिल्या. पती रघुनाथराव लवकर गेले, पदरात लहान मुलं. घर चालायचं नाटकावरच. तिकडे बालगंधर्व शालू नेसून टाळ्या घेत होते, आणि या बाई पुरुषपार्टी वठवत होत्या! त्याच मुलांपैकी एक चंद्रकांत गोखले. त्यांचा मुलगा विक्रम. तो तर तुम्ही मोबाईलवरही पाहिलाय.