उज्जयिनीतील एका पडत्या घराचा जमाखर्च

उज्जयिनी म्हटली की गोमंतकातील व कोकणातील देवस्थानमंडळींच्या डोळ्यांपुढे प्रथम महाकाल उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. त्या मंदिराच्या अठराव्या शतकातील पुनरुभारणीचे श्रेय राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांस दिले जाते. म्हणजे क्षिप्रेच्या काठी जाऊनही आपण सर्वस्वी परक्या गावी गेलो असे होत नाही. परंतु उज्जयिनीने आणखी एक ठेवा आपल्या हाती ठेवला आहे. पैसा संपत आला, अब्रू मात्र जुन्याच भावाने चालवायची आहे, अशा एका कुटुंबाचा तो जमाखर्च होय. तो शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त आहे, आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी माणसाच्या परिचयाचाही आहे. रसिकांनी त्यात प्रेमकथा पाहिली. आमचा पेशा वकिलीचा. आमची नजर अलंकारांच्या डब्याकडे आणि त्यावर हक्क कोणाचा याकडेच आधी जाते.

चारुदत्त जातीने ब्राह्मण, पेशाने व्यापारी घराण्यातला. त्याचे घर व्यापाऱ्यांच्या पेठेत. संपत्ती व्यसनात गेली नाही, देण्यात गेली. घर अजून उभे आहे, पण आत फारसे काही उरलेले नाही. तरीही पिसाळलेल्या हत्तीच्या तावडीतून एका भिक्षूला सोडविणाऱ्या माणसाला बक्षीस देण्याची वेळ येते तेव्हा हा गृहस्थ सवयीने अंगावरचा दागिना चाचपतो. तो नाही असे आढळताच खांद्यावरचे उत्तरीय काढून फेकतो. ते उत्तरीयही एका मित्राने भेट दिलेले! नोकर सुटले ते निरनिराळ्या वाटांनी गेले. एक संवाहक जुगारी बनला आणि दहा सुवर्णांचे ऋण करून बसला. त्याने अड्डेवाल्याकडून निम्म्याची सूट मागून घेतली, जिंकलेल्या जुगाऱ्याकडूनही निम्म्याची घेतली आणि दोन निम्मे मिळून सगळे फिटले असे सांगून चालू लागला. असे हिशेब आजही कचेरीत आमच्यासमोर मांडले जातात, आणि तेही अगदी गंभीर चेहऱ्याने.

असो. मुख्य गोष्ट ठेवीची. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेला अलंकारांचा डबा रात्री चोरीस जातो. शर्विलक भिंत फोडून आत येतो आणि झोपेत बरळणारा मैत्रेय स्वतःच्या हाताने तो डबा त्याच्या स्वाधीन करतो. आता कायदा काय सांगतो? याज्ञवल्क्यस्मृतीत निक्षेपाचा नियम स्पष्ट आहे. राजाने नेलेली, दैवाने नष्ट झालेली किंवा चोरांनी पळविलेली ठेव भरून देण्याचे बंधन ठेवून घेणाऱ्यावर नाही. मात्र ठेव त्याने स्वतःच्या मर्जीने वापरली असेल तर तो दंडासही पात्र होतो आणि ठेव फायद्यासह परत करण्यासही. १८७२ च्या करार कायद्याचे तत्त्वही याच दिशेचे आहे. आपल्या मालाची जेवढी काळजी शहाणा माणूस घेतो तेवढी घेतली की पुढची जोखीम ठेवणाऱ्याची. झोपलेल्या मैत्रेयाची काळजी तेवढी होती काय, हा वाद घालण्याजोगा आहे. पण चारुदत्ताच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते, यात आम्हांस शंका नाही.

त्याने काय केले ते पाहा. चोरी झाली म्हटले तर दरिद्री माणसावर कोण विश्वास ठेवील, या भीतीने त्याने निरोप पाठविला की अलंकार आपलेच समजून मी द्यूतात हरलो. ज्या कारणाने तो मोकळा सुटत होता ते लपविले, आणि ज्या कारणाने तो दोषी ठरला असता ते स्वतःहून कबूल केले! भरपाई म्हणून गेली ती धूतेची रत्नावली. ती तिला माहेरून मिळालेली, घरात उरलेली एकमेव मोलाची वस्तू. नवऱ्याला संकोच वाटू नये म्हणून तिने ती व्रताचे दान म्हणून मैत्रेयाच्या हाती दिली. स्त्रीधनाला हात लावून ते परत न करण्याची मुभा नवऱ्याला कोणत्या प्रसंगी, याची यादी याज्ञवल्क्याने दिली आहे: दुष्काळ, धर्मकृत्य, रोग आणि धनकोने अडकवून ठेवणे. लौकिक जाईल ही भीती त्या यादीत नाही. २०२४ च्या एका निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की स्त्रीधन ही पत्नीची स्वतंत्र मालमत्ता आहे, अडचणीत नवऱ्याने ते वापरले तरी परत करण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर राहते.

आणि सर्वांत वाईट भाग असा की रत्नावली वसंतसेनेच्या दारी पोहोचण्यापूर्वीच शर्विलकाने चोरीचे अलंकार तिच्याकडे पोहोचते केले होते. जे येणे उरलेच नव्हते त्यापोटी घरातला शेवटचा ऐवज बाहेर गेला.

हे वाचून आम्हांस चारुदत्ताविषयी आदर वाटतो, आणि त्याच वेळी आमच्यापुढे बसणारी कितीतरी माणसे आठवतात. अडचणीतला गृहस्थ देणी फेडतो ती बहुधा लाजेच्या क्रमाने. मेव्हण्याचे हातउसने प्रथम, कारण तो समाराधनेला भेटणार. मग खासगी सावकार, कारण तो दारात उभा राहून ओरडतो. मग कार्डाची बाकी, कारण वसुलीवाला फोन सोडत नाही. आणि ज्या बँकेकडे घराचे कागद आहेत तिचा हप्ता शेवटी, कारण पहिले दोन महिने ती फक्त पत्र पाठविते. कायद्याचा क्रम नेमका याच्या उलट आहे. सावकाराला आणि कार्डवाल्याला घरापर्यंत यायचे तर दावा, हुकूमनामा, दरखास्त, जप्ती असा लांबचा रस्ता चालावा लागतो. बँकेला तो चालावाच लागत नाही.

नाटकातली गोष्ट नाटकात राहू द्या असे कोणी म्हणेल, तर मराठ्यांच्या उज्जयिनीकडे यावे. १७९४ मध्ये महादजी शिंदे वारले. त्यांच्या विधवांच्या निर्वाहाची योग्य तरतूद करण्याचा शब्द दौलतरावांनी दिला आणि तो पाळला नाही. त्यातून ‘बायांचे बंड’ उभे राहिले, आणि लखबादादा लाड यांच्यासारखा मातबर शेणवी सरदार बायांच्या बाजूने गेला. हिंदुस्थानातील एका बलाढ्य घराण्यात स्त्रियांचा वाटा तोंडी शब्दावर राहिला, त्याची किंमत फौजेने मोजली. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जयिनीजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि शहरातील सावकारांकडून खंडणी घेतली. १८१० मध्ये दौलतरावांनी आपला मुक्काम कायमचा ग्वाल्हेरजवळच्या लष्करात हलविला. राजधानी गेल्यावर पेठेतल्या घरांचे भाव कोणत्या दिशेने जातात हे सांगण्यास अर्थशास्त्र नको.

गहाणाच्या कायद्याचा इतिहास मात्र दख्खनेत घडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतेपत्रे व वह्या जाळल्या. घरेदारे पेटविण्यापेक्षा कागद पेटविण्याकडे त्यांचा रोख अधिक होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपले घर कागदाने जाते हे त्यांना आपल्या पुष्कळ सुशिक्षितांपेक्षा स्पष्ट कळले होते. चौकशी होऊन १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला आणि न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची वाट मोकळी झाली. ग्वाल्हेर संस्थानातील उज्जैनला हा कायदा लागू नव्हता. ब्रिटिश हद्दीत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याने एकदा गहाण ते कायम गहाण हे तत्त्व पक्के केले. पैसे देऊन घर सोडविण्याचा हक्क कोणत्याही शर्तीने बुडविता येत नाही. पण त्यात एक फट आहे आणि तीतून आजही घरे जातात. सावकार गहाणखत न करता खरेदीखत करून घेतो आणि ‘पैसे आणलेत की परत देईन’ असे वेगळ्या कागदावर किंवा नुसते तोंडी सांगतो. १९२९ च्या दुरुस्तीने ठरविले की परत देण्याची शर्त त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. वेगळ्या कागदावरच्या शर्तीने घर गमावलेली कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत. शब्द देणारा माणूस बहुधा नात्यातलाच असतो.

व्याजाविषयी आपल्या लोकांना दामदुपटीचा फार भरवसा वाटतो. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक नसावे हा नियम मनूपासून चालत आलेला, मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मानलेला. पण हप्त्याहप्त्याने फेडलेल्या व्याजाची बेरीज त्यात धरत नाहीत. तीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये पडतो. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजाचे आणि मुद्दलात जेमतेम ४,७८५. वीस वर्षांत व्याजच साडेबत्तीस लाखांच्या आसपास जाते. दामदुपट येथे तोंडही उघडू शकत नाही. म्हणूनच मुंजीला किंवा लग्नाला कमी पडले म्हणून घरकर्जावर वाढीव रक्कम उचलणाऱ्यास आम्ही थांबवितो. चार दिवसांचा मांडव वीस वर्षे फेडावा लागतो.

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेच्या हाती न्यायालयाशिवाय घर विकण्याची सत्ता दिली. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते बुडीत वर्गात जाते; मग साठ दिवसांची नोटीस; तिला लेखी हरकत घेतली तर बँकेने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे; त्यानंतर ताबा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्यास पंचेचाळीस दिवस मिळतात, आणि उज्जैनच्या रहिवाशाला त्यासाठी जबलपूर गाठावे लागते. देणे मुद्दल-व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी उरले असेल तर हा कायदा लागू होत नाही, हे कर्ज बहुतेक फेडलेल्या वृद्धांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. घर सोडविण्याचा हक्क पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत चाले. २०१६ च्या दुरुस्तीने तो लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच उरला. म्हणजे घरातील सोने मोडायचे की नाही याचा निर्णय जाहिरातीपूर्वी व्हावा लागतो, आणि ते सोने जिचे आहे तिला बँकेचे पत्र आले त्याच दिवशी वाचून दाखविले पाहिजे. चारुदत्ताच्या घरी चोरीची बातमी धूतेला कळली ती दासीकडून.