स्थलांतरितांची मुले आणि सार्वजनिक शाळा : सॅन फ्रॅन्सिस्को, १८८४–१९०७

चीनमधून येऊन सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्थायिक झालेल्या टेप दांपत्याने इ. स. १८८४ मध्ये आपली मुलगी मॅमी हिचे नाव स्प्रिंग व्हॅली शाळेत घालू पाहिले. मुख्याध्यापिका जेनी हर्ली यांनी प्रवेश नाकारला. मुलगी जन्माने अमेरिकन होती. १८८५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला. परंतु चिनी मुलांना वगळण्याची तरतूद प्रचलित कायद्यात नाही, एवढ्यावरच तो निर्णय उभा होता. कायदेमंडळाने लगोलग स्वतंत्र शाळांची तरतूद केली आणि मॅमी व तिचा भाऊ एप्रिलमध्ये चिनी मुलांच्या शाळेत दाखल झाली. मेरी टेप हिने शिक्षणमंडळाला लिहिलेले संतप्त पत्र उपलब्ध आहे. त्यातील इंग्रजी सदोष आहे, युक्तिवाद नव्हे.

१९०६ मध्ये जपानी मुलांनाही चिनी मुलांच्याच शाळेत धाडण्याचा हुकूम निघाला. ही मुले शंभरही नव्हती. तथापि जपान सरकारने निषेध करताच अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मध्ये पडले व १९०७ मध्ये हुकूम मागे घेण्यात आला. मोबदल्यात अमेरिकेस येऊ पाहणाऱ्या मजुरांना पारपत्रे न देण्याचे जपानने मान्य केले. चिनी मुलांच्या पाठीशी असे समर्थ सरकार नव्हते. विभक्त शाळांची कलमे कॅलिफोर्नियाने १९४७ मध्ये रद्द केली.