लंडनच्या गटारांचा सांडवा

१/ १८५८ चा उन्हाळा. टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली होती की लंडनच्या संसद भवनातील पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. अखेर ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याची गटारयोजना मार्गी लागली.

२/ तोवर शहराची गटारे सरळ टेम्समध्ये रिकामी होत. बॅझलजेटने नदीला समांतर विटांची प्रचंड गटारे बांधून ते सांडपाणी वाटेतच अडवले. शहराच्या पूर्वेस बेक्टन आणि क्रॉसनेस येथे ते ओहोटीबरोबर नदीत सोडले जाऊ लागले. १८६६ नंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही.

३/ मात्र मैला आणि पावसाचे पाणी एकाच गटारातून वाहत होते. मुसळधार पावसात गटार तुंबले, तर घाण उलटून घरांत शिरणार. म्हणून नदीकडे उघडणारी मुखे राखून ठेवण्यात आली. धरणाला सांडवा असतो, तसा हा गटारांचा सांडवा! ही चूक नव्हती. घरे वाचवण्यासाठी नदीवर सोपवलेला तो भार होता.

४/ शहराबाहेर ढकललेली घाण नाहीशी मात्र झाली नव्हती. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी आगबोट याच मुखांच्या परिसरात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. सुमारे तासाभरापूर्वीच तेथे मैलापाणी सोडलेले होते. पुढे १८८७ पासून घनमैला वेगळा काढून जहाजांनी समुद्रात टाकला जाऊ लागला. ही प्रथा १९९८ पर्यंत चालली.

५/ सांडवे मात्र तसेच राहिले. वस्ती वाढली, पाणी मुरवणारी जमीन फरसबंदीखाली गेली. क्वचितच्या अतिवृष्टीसाठी ठेवलेली मुखे साध्या पावसातही वाहू लागली. मैला कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. ऑगस्ट २००४ मध्ये अशाच एका पावसानंतर टेम्समध्ये हजारो मासे मेले.

६/ यावर उपाय म्हणून २५ किमी लांब आणि ७.२ मीटर व्यासाचा टाइडवे बोगदा खोदण्यात आला. सांडव्यांचे पाणी तो पोटात साठवतो आणि ते बेक्टनच्या शुद्धीकरण केंद्राकडे जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या सर्व जोडण्या पूर्ण झाल्या.

७/ बॅझलजेटची गटारे आजही वापरात आहेत. नव्या बोगद्याने ती मोडीत काढली नाहीत. त्यांनी नदीवर टाकलेला भार तेवढा, १६७ वर्षांनी, बव्हंशी उतरवला.