संभाव्यतेचे गणित : विदर्भाच्या वाटेवरील बेहड्यापासून दहावीच्या वहीपर्यंत

दहावीच्या वर्गात संभाव्यतेचे प्रकरण सुरू झाले की घराघरांतून दोन तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येतात. विद्यार्थ्याची तक्रार अशी की, उत्तर दरवेळी अपूर्णांकातच येते आणि ते बरोबर की चूक हे ताडून पाहण्यास काही मार्ग दिसत नाही. पालकांची तक्रार निराळी असते. राज्य मंडळाच्या गणित भाग 1 या 2018 साली आलेल्या पुस्तकात पत्त्यांचा कॅट आहे, फासे आहेत. मुलाच्या वहीत इस्पिक, बदाम, किलवर, चौकट अशी नावे पाहून बोरी अरबसारख्या गावातील एखाद्या वडिलांनी, 'जो खेळ आपण हराम मानतो तोच शाळेत शिकवतात काय?' असे विचारले तर त्यात वावगे काही नाही. परंतु या विषयाची पूर्वपीठिका जाणून घेतली म्हणजे दोन्ही तक्रारींचा उलगडा एकाच ठिकाणी होतो. तेवढ्यासाठी हा प्रपंच.

आरंभ आपल्याच मुलखाच्या वाटेवरून करता येतो. महाभारतातील नळ-दमयंतीच्या कथेत दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तिच्या पित्याची राजधानी कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचे, अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो आणि राजाला घेऊन विदर्भाकडे निघतो. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण नुसत्या नजरेने सांगतो की, याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि 2095 फळे आहेत. नळ रथ थांबवून झाड तोडतो, फळे मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो. (पाच कोटी पाने मोजण्याच्या भानगडीत तो पडला नाही, हे शहाणपणाचेच झाले.) मग राजा त्याला सांगतो की, फाशांची विद्या आणि मोजण्याची विद्या या दोन्ही मला अवगत आहेत.

या कथेला इतिहास म्हणता येणार नाही. तथापि थोडे पाहून पुष्कळाचा अंदाज बांधणे आणि फाशाचे दान ओळखणे या दोन गोष्टींचे काही नाते आहे, ही जाण कथाकाराला होती एवढे त्यातून निश्चित दिसते. प्राचीन काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, हेही येथे ध्यानात घ्यावे.

मात्र ही मोजण्याची विद्या फाशांवरच वाढली असे नव्हे. आठव्या शतकात बसरा येथे होऊन गेलेले कोशकार अल्-खलील बिन अहमद यांना अरबी भाषेचा कोश रचावयाचा होता. एकही शब्द सुटू नये म्हणून अक्षरांच्या सर्व जुळण्या आधी मोजाव्यात, ही त्यांची युक्ती. अरबीत अक्षरे 28. पहिल्या जागी 28 पैकी कोणतेही अक्षर आणि दुसऱ्या जागी उरलेल्या 27 पैकी कोणतेही, म्हणून दोन अक्षरांच्या जुळण्या 756. तीन अक्षरांच्या 19,656. चार अक्षरांच्या 4,91,400 आणि पाच अक्षरांच्या 1,17,93,600. या सर्वांची 1,23,05,412 ही बेरीज त्यांच्याच नावाने सांगितली जाते. पुढे नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी यांनी गुप्त लिपी उलगडण्यावर ग्रंथ लिहिला. साध्या मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजावे, गुप्त मजकुरातील चिन्हेही तशीच मोजावीत आणि दोन्ही याद्यांचा क्रम जुळवावा, ही त्यांची रीत. आज आपण ज्याला प्रयोगावरून काढलेली संभाव्यता म्हणतो, तिचे हे फार जुने उदाहरण होय. त्यात ना फासा, ना पत्ता.

आता महाराष्ट्रात यावे. भास्कराचार्यांचा जन्म 1114 सालचा आणि 'लीलावती' 1150 सालची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. 'लीलावती'त एक गोड उदाहरण आहे. राजाच्या वाड्याला आठ दारे आहेत. एक दार उघडे, दोन उघडी, तीन उघडी, अशा रीतीने वाडा किती प्रकारांनी उघडता येईल? भास्कराचार्यांची कृती आपल्या विद्यार्थ्याला सहज जमेल. 8 ला 1 ने भागा, 8 आले. त्यास 7 ने गुणून 2 ने भागा, 28 आले. त्यास 6 ने गुणून 3 ने भागा, 56. पुढे 5 ने गुणून 4 ने भागा, 70. त्यानंतर उलट क्रमाने 56, 28, 8 आणि शेवटी आठही दारे उघडी असा 1. बेरीज 255. ही रीत त्यांच्याही आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट काळातील महावीराचार्यांनी दिली होती.

या विद्येचा पुढचा प्रवास आपल्या पालकवर्गाला मुद्दाम सांगण्याजोगा आहे. अकबराच्या आज्ञेने फैजी यांनी 1587 साली 'लीलावती' फारसीत आणली. भास्कराचार्यांच्याच 'बीजगणित' या ग्रंथाचा फारसी अनुवाद शहाजहानच्या काळात, 1634-35 साली, अताउल्ला रुश्दी यांनी केला. हे अताउल्ला म्हणजे औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचे शिल्पकार. मकबऱ्याच्या दरवाजावर त्यांचे नाव कोरलेले आहे. सहलीला जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे कोणी दाखवून देते?

असो. एवढे सगळे मोजून झाले तरी एक पाऊल राहून गेले होते. आठ दारांपैकी नेमकी चार उघडी असण्याचे प्रकार 70, आणि सर्व बंद हा एक प्रकार धरून एकूण प्रकार 256. हे दोन्ही आकडे पाचशे वर्षे हाताशी होते. एकाला दुसऱ्याने भागून 'असे होण्याचा संभव इतका' हे मात्र लिहिले गेले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण बुद्धीची उणीव हे नसून, तसा प्रश्नच कोणी विचारला नव्हता, हे आहे.

तो प्रश्न 1654 साली फ्रान्समध्ये विचारला गेला. दोन खेळाडू समान रक्कम लावून खेळत आहेत, जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सर्व 64 नाणी मिळावयाची आहेत. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मोडला. नाणी कशी वाटावीत? पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात याचे उत्तर निघाले. फर्माचे म्हणणे असे : आणखी दोन डाव झाले असे धरा. निकाल चार प्रकारे लागू शकेल. पहिला-पहिला, पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, दुसरा-दुसरा. यांपैकी तीन प्रकारांत पहिला जिंकतो. म्हणून त्याला 48 आणि दुसऱ्याला 16. येथे भांडणाऱ्या दोघांना न्याय हवा होता, आणि न्यायासाठीच भागाकार करावा लागला.

यावर रोबेरव्हाल या पॅरिसच्या गणितज्ञाने हरकत घेतली की, पहिल्याने पुढचा डाव जिंकताच खेळ संपतो, मग चौथा डाव आणि पाचवा डाव असे दोन्ही का मोजावेत? बरोबर शंभर वर्षांनी, 1754 साली, दालांबेर या नामांकित गणितज्ञाने हीच चूक छापून टाकली. नाणे दोनदा फेकले असता निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्यांनी 2/3 दिली. पहिल्यांदाच छापा आला तर काम झाले, म्हणून प्रकार तीनच : छापा, काटा-छापा, काटा-काटा. प्रकार तीन आहेत हे खरे, पण ते सारख्या वजनाचे नाहीत. नुसता 'छापा' हा प्रकार छापा-छापा आणि छापा-काटा अशा दोहोंचे मिळून एक गाठोडे आहे. गाठोडे सोडले की चार निष्पत्ती होतात आणि उत्तर 3/4 येते. पुस्तकातील 'समसंभाव्य' या शब्दाचे सगळे मोल येथे आहे. विद्यार्थी तो शब्द पाठ करतात आणि पुढे जातात!

आपल्या वर्गात ही चूक फाशांत दिसते. दोन फासे टाकले असता बेरीज 2 पासून 12 पर्यंत, म्हणजे अकरा प्रकारची येते, म्हणून 7 येण्याची संभाव्यता 1/11, असे उत्तर पुष्कळ वह्यांतून सापडते. एक फासा लाल आणि एक पांढरा आहे असे मनात धरून नमुना अवकाश मांडला तर निष्पत्ती 36 होतात. बेरीज 7 देणाऱ्या सहा, बेरीज 2 देणारी एकच. उत्तर 6/36, म्हणजे 1/6. ताडून पाहण्याचा मार्गही त्यातच आहे : 2 पासून 12 पर्यंतच्या सर्व बेरजांच्या निष्पत्ती 1, 2, 3, 4, 5, 6, 5, 4, 3, 2, 1 अशा लिहून मिळवा. 36 भरले नाहीत तर कोठेतरी काही सुटले आहे.

पालकांनी हाच हिशेब मटक्याला लावून पाहावा. हा आकड्यांचा सट्टा मुळात न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला यावर चाले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्याचीच आठवण होत. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात या गोष्टीचे हसू यावे की रडू, कोण जाणे. शून्य ते नऊ या दहा आकड्यांपैकी एकावर रुपया लावावा आणि लागला तर नऊ रुपये मिळावेत, ही रीत. निकाल अगदी प्रामाणिकपणे काढला असे धरले तरी संभाव्यता 1/10. रोज दहा रुपये लावणारा 300 दिवसांत 3000 रुपये घालतो, सरासरीने 30 वेळा जिंकतो आणि 2700 रुपये परत आणतो. कमी पडलेले 300 कोणाच्या खिशात गेले, हे दहावीचा विद्यार्थी एका ओळीत सांगेल.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी भास्कराचार्यांच्या वाड्याचे एक उदाहरण. दाराऐवजी नाणे घ्या, उघडे म्हणजे छापा, बंद म्हणजे काटा. आठ नाणी एकदम फेकली असता बरोबर चार छापे येण्याची संभाव्यता किती? बहुतेक जण 'निम्मी' असे सांगून मोकळे होतात. वर दिलेले आकडे घ्या : 70 भागिले 256, म्हणजे 35/128, शेकडा सत्तावीसच्या थोडे वर. पाच छापे येण्याची संभाव्यता याच रीतीने काढावी, आणि तीन छाप्यांचे उत्तर तेच का येते ते घरच्यांना समजावून सांगावे.