न्यू ऑर्लीन्सची जुनी पेठ आणि दुकानाच्या पाटीचा खटला

इतिहाससंशोधकाची दृष्टि कागदपत्रें, शिलालेख, नाणीं व वास्तु यांवर खिळलेली असते. दुकानाच्या पाटीकडे ती सहसा वळत नाहीं. तथापि जुन्या वस्तीचें जतन करावयाचें म्हणजे तींतील निवडक वास्तूंचें कीं सबंध वस्तीचें, या प्रश्नाचा निकाल अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहरीं एका पाटीच्या निमित्तानें लागला. तो वृत्तांत येथें थोडक्यांत देतों.

हें शहर बिएन्व्हिल या फ्रेंच अधिकाऱ्यानें इ. स. १७१८ मध्यें मिसिसिपी नदीच्या कांठीं वसविलें. काटकोनांत आंखलेल्या रस्त्यांची जी मूळ वस्ती, तिला 'व्ह्यू कारे' म्हणजे 'जुना चौक' म्हणतात. १७६२ च्या तहानें हा मुलूख स्पेनकडे गेला. १७८८ व १७९४ च्या आगींत वस्तीचा मोठा भाग जळाला व तो स्पॅनिश अमदानींत पुन्हां उभा राहिला. १८०३ सालीं अमेरिकेनें हा प्रांत खरेदी केला, आणि ओतीव लोखंडाच्या जाळ्यांचे प्रसिद्ध सज्जे तर त्यानंतरचे आहेत. सारांश, येथील शोभा कोणा एका काळाची किंवा एका वास्तूची नव्हे. ती अनेक थरांच्या मिळणीची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या वस्तीस उतरती कळा लागली. रॉयल रस्त्यावरील घरांचा एक सबंध चौक पाडून तेथें न्यायालयाची भव्य संगमरवरी इमारत उठली. ती १९१० सालीं पुरी झाली. १९२५ मध्यें जतनासाठीं एक मंडळ नेमलें गेलें, पण त्यास केवळ सल्ला देण्याचा अधिकार होता. १९३६ सालीं लुइझियाना संस्थानच्या घटनेंत दुरुस्ती होऊन खरा अधिकार मिळाला, व १९३७ मध्यें नगरसंस्थेनें त्याप्रमाणें कायदा केला. मंडळाचे सभासद नऊ: इतिहास-संस्था, संस्थानचें वस्तुसंग्रहालय व व्यापारी मंडळ यांच्या शिफारशीचा प्रत्येकीं एक, वास्तुशिल्पी तीन व इतर तीन. रस्त्यावरून दिसणारा घराचा कोणताहि भाग बदलणें वा पाटी लावणें यांस परवानगी आवश्यक झाली.

या वस्तींत पर्गामेंट नामक गृहस्थाचा पेट्रोलपंप होता. तेथें परवानगीवांचून मोठी पाटी लागली व प्रकरण न्यायालयांत गेलें. त्याचा पूर्वपक्ष दुर्बल नव्हता. पंपाची इमारत अलीकडची. तींत प्राचीन असें कांहींच नाहीं. मग तिच्यावरील पाटीनें इतिहासाची हानि ती कोणती? शिवाय पाटी हें व्यापाऱ्याच्या उपजीविकेचें साधन. १९४१ सालीं लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानें उत्तर दिलें कीं, कायद्याचा हेतु केवळ जुन्या इमारती राखण्याचा नसून वस्तीचें समग्र रूप राखण्याचा आहे. विद्रूप पाटी नव्या घरावर असली तरी शेजारच्या जुन्या घरांची शोभा हरण करते. वस्तीच्या जुनेपणामुळें प्रवासी येतात व व्यापारहि वाढतो, हेंहि न्यायालयानें लक्षांत घेतलें. विशेष हें कीं, त्या काळीं हें न्यायालय रॉयल रस्त्यावरील त्याच संगमरवरी इमारतींत बसत असे. जिच्यासाठीं घरांचा अख्खा चौक नाहींसा झाला, तिच्याच छपराखालीं उरलेल्या वस्तीस अभय मिळालें.

पुढें १९४६ मध्यें नगरसंस्थेनें कडेचे कांहीं भाग मंडळाच्या अधिकारांतून वगळले. तें कृत्य १९६४ सालीं न्यायालयानें बेकायदा ठरविलें. येथेंहि तत्त्व तेंच: तुकडे पाडून समग्राचें रक्षण होत नाहीं. मात्र या अधिकारास दुसऱ्या बाजूनें मर्यादा आहे. ॲरिझोना संस्थानांतील गिल्बर्ट गांवच्या खटल्यांत २०१५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मजकुराच्या विषयावरून पाट्यांत भेद करणारा नियम अत्यंत कडक कसोटीस उतरला तरच टिकेल. म्हणजे आकार, जागा, साहित्य व प्रकाश यांचा विचार मंडळानें करावा. पाटीवर काय लिहावें हें दुकानदाराचें दुकानदाराकडेच राहिलें.

आमच्या मतें ही विभागणी योग्य आहे. रस्ता सर्वांचा असतो, म्हणून त्याच्या रूपावर सर्वांचा हक्क पोंचतो. शब्द ज्याचा त्याचा असतो. जुन्या पेठांचे नकाशे करतांना आपण वाडे व देवळें तेवढीं टिपतों आणि मधल्या सामान्य घरांच्या ओळी सोडून देतों. पर्गामेंटच्या पाटीनें शिकविलें तें इतकेंच कीं, त्या सोडलेल्या ओळींवांचून पेठ ही पेठ राहत नाहीं.